घोडी घरी, नोकरी सांगलीत

घोड्याचं पोट मोठं दिसतं, पण जठर लहान असतं. चांगल्या उंचापुऱ्या घोड्याच्या जठरातही आठ ते पंधरा लिटरच मावतं. गाय पहिल्या कप्प्यात शंभर लिटरांहून जास्त चारा भरून घेते आणि मग निवांत रवंथ करत बसते. घोड्याला रवंथ नाही, उलटीही करता येत नाही, आणि जठरात आम्ल मात्र चोवीस तास पाझरत असतं, पोटात चारा असो वा नसो. म्हणून मोकळं जनावर दिवसरात्र मिळून पंधरा-सोळा तास थोडंथोडं चरत राहतं. ते बांधलेलं असेल तर हे चरणं कुणाला तरी हाताने पुरवावं लागतं. नोकरदाराची खरी अडचण इथेच आहे. रपेट रविवारवर ढकलता येते, खराराही एखाद्या दिवशी राहिला तर चालतो. पोटाला मात्र रोज, आणि दिवसातून अनेकदा, काहीतरी लागतंच.

मी शेणोली स्टेशनजवळच्या गावात राहते आणि सांगलीत नोकरी करते. सातारा जिल्हा या बाजूला शेणोलीला संपतो. पुढचं भवानीनगर सांगली जिल्ह्यात. सकाळी गाडी धरायची, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे करत सांगलीला उतरायचं आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत यायचं. गाडी चुकली तर कराडहून पेठ नाका, आष्टा अशी एसटी. घराबाहेर पडल्यापासून घरात पाऊल टाकेपर्यंत अकरा-बारा तास जातात. आमच्या डब्यातल्या बहुतेक पासवाल्यांच्या घरी एखादी म्हैस असते, आणि म्हशीचं या वेळापत्रकात बसतंही. सकाळ-संध्याकाळ धार, दोन वेळा वैरण, मधे पाणी. घोडीला हे वेळापत्रक चालत नाही.

हरणी आमच्याकडे आली ती मेंढरांबरोबर. सुगी सरली की माण, खटाव, आटपाडीकडचे धनगर कळप घेऊन खाली उतरतात आणि मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. त्यांचं सगळं बिऱ्हाड तट्टांच्या पाठीवर असतं: भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं, कधी त्यांच्यावर बसलेलं घरातलं लहान मूल. अशाच एका मुक्कामात मागच्या पायाला तार कापलेलं शिंगरू चालेना, म्हणून ते आमच्या गोठ्यात राहिलं. परतीच्या वाटेवर त्यांनी ते पाहिलं, पाय भरला होता, आणि माझा जीवही त्यात अडकला होता. रीतसर पैसे देऊन ठेवून घेतलं. बुटकी, रुंद छातीची, कठीण खुरांची ही जनावरं भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या भीमथडी वाणाची. याच वाणावर मराठ्यांची घोडदळं दूर उत्तरेपर्यंत दौडत गेली. अलीकडे राष्ट्रीय पातळीवर या वाणाची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे. हरणीचा असा काही कागद नाही, पण बांधा तोच. तिची आई दरवर्षी घाटमाथ्यापर्यंत जाऊन येते. अशा घराण्यातली पोर दिवसभर दावणीला उभी राहते, ही गोष्ट मला आजही सोपी वाटत नाही.

उसाच्या पट्ट्यात घोडी पाळणाऱ्याला आधी वाड्याशी, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्याशी, झगडावं लागतं. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत आमच्याकडे वाड्याला तोटा नसतो. तोडकरी फडातच मोळ्या बांधून विकतात, आणि गोठ्यातली सगळी जनावरं त्यावर निघतात. पण वाड्यात ऑक्झलेट भरपूर असतं. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू ते बऱ्याच अंशी फोडून टाकतात. घोड्याच्या बाबतीत ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगाला लागू देत नाही. मग शरीर हाडांतून कॅल्शियम उपसायला लागतं. महिनोन्‌महिने हाच चारा मिळाला तर तोंडाची हाडं सुजतात, जनावर लंगडायला लागतं. हत्तीगवताचंही तेच. वर प्रेमाने रोज गव्हाचा कोंडा घातला तर भर पडते, कारण कोंड्यात फॉस्फरस जास्त. म्हणून हरणीच्या वाट्याला शाळूचा कडबा, बांधावरची हराळी आणि थोडा लसूणघास. घासात कॅल्शियम चांगलं असतं. तिचं वजन अडीचशे किलोंच्या वर आहे. वजनाच्या दोन टक्के धरले तरी रोज पाच-सहा किलो कोरडा चारा लागतो. शेजारी फुकट वाडं पडलेलं असताना मी जतच्या बाजूचा कडबा विकत आणते, याचं गावाला नवल वाटतं. मला त्यात चैन दिसत नाही, ती गरज आहे.

चंदीचा हिशेब याहून नाजूक आहे. युरोपात गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना रविवारी सुट्टी असे आणि दाणा मात्र रोजच्याइतकाच मिळे. सोमवारी जुंपलं की मांड्यांचे स्नायू आखडून घोडा जागीच खिळे, लघवी तांबडी होई. त्या दुखण्याचं नावच सोमवारचा आजार असं पडलं होतं. नोकरदाराच्या घोडीचा आठवडा याच्या उलटा असतो: पाच-सहा दिवस उभं राहणं आणि रविवारी मालकाला आलेला हुरूप. तेव्हा भिजवलेला हरभरा मूठभरच, तोही काम झालं असेल तेव्हाच. आणि रविवारी एकदम भरधाव सोडायची नाही. आठवडाभर रोज थोडं चालणं झालं पाहिजे, तरच रविवारची रपेट तिच्या अंगाला झेपते.

सकाळी गाडीच्या आधी जो थोडा वेळ मिळतो, त्यात पहिल्यांदा मी लीद बघते. रात्रभरात किती जागी पडली आहे, गोळे नीट बांधलेले आहेत का, कोरडे की ओले, त्यात न चावलेला दाणा आहे का. लीद कमी असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तिच्या कुशीला कान लावायचा. निरोगी पोटात सतत काहीतरी हलत असतं, लांबून गडगडल्यासारखा आवाज येतो, मधेच पाणी वाहिल्यासारखा. दोन्ही बाजूंना शांतता असेल तर त्या दिवशी सांगली नाही. मग ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबायचा. पांढरा झालेला ठसा दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. शेवटी पाय. एकेक खूर उचलून आकडीने तळातली माती आणि लीद काढायची, मधला मऊ त्रिकोण बोटाने दाबायचा, वास घ्यायचा. पावसाळ्यात तिथे कुजकट वास आला तर ठाणाची जमीन ओली राहिली आहे असं समजायचं. खिळा, तार, काच काही रुतलं असेल तर ते याच वेळी सापडतं; आणि सापडलंच पाहिजे, कारण धनुर्वाताला घोड्याइतकं बळी पडणारं दुसरं पाळीव जनावर नाही. लस चुकवायची नाही, हे त्यामुळेच.

मी गाडीत बसले की घोडी सासूबाईंच्या हाती. सुरुवातीला त्या म्हणायच्या, "अगं, म्हशीला दोन येळा घातलं की भागतं. हिचं आपलं सारखं कायतरी पायजेच." आता त्याच येणाऱ्या-जाणाऱ्याला घोड्याचं जठर समजावून सांगतात. व्हॉलीबॉलची जुनी जाळी दुहेरी करून आम्ही तिच्या पिशव्या शिवल्या. त्यात कडबा भरून टांगला की एकेक काडी ओढून काढावी लागते, आणि तासाभरात संपणारा चारा निम्मी दुपार पुरतो. पिशवीचा तळ छातीच्या उंचीच्या खाली येऊ द्यायचा नाही, पाय अडकतो. दुपारी शेजारचा मुलगा शाळेतून आला की पाणी बदलतो आणि तिला कालव्यापर्यंत चालवून आणतो. सोबतीला शेळी आहे. घोडा कळपाचं जनावर. एकटा ठेवला तर झुलत राहतो, दाव्याभोवती फिरत राहतो, लाकूड चावतो. शेळी आल्यापासून हरणी दुपारी आडवी होऊन झोपते, असं सासूबाई सांगतात. घोडा उभ्याने डुलक्या काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि राखणीला कुणी आहे असं वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही.

घोडा एका माणसाने सांभाळायचा ही कल्पनाच मुळात आपल्याकडची नाही. 1697 च्या सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. लढणारा माणूस नेमला की पाणी वाहणारा आणि खूर बघणाराही त्याच दमात नेमला जाई.

माझ्या जाण्या-येण्याच्या वाटेवर याचं जिवंत रूप दरवर्षी दिसतं. ज्येष्ठात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून आळंदीला निघतात. मिरज, सांगलीवाडी, पेठ नाका करत महामार्गाने सातारा ओलांडून पुढे जातात. तीनशेहून अधिक किलोमीटर, दहा-अकरा दिवसांत. म्हणजे दिवसाला तीस किलोमीटरच्या आसपास. ज्या हैबतबाबांनी 1832 मध्ये हा पालखी सोहळा सुरू केला, ते साताऱ्याजवळच्या आरफळचे. पुढे चांदोबाच्या लिंबाला आणि नंतरच्या रिंगणांत लाखो लोक या अश्वांची दौड बघतात. मला मात्र त्यांचं हे आधीचं चालणं जास्त बघावंसं वाटतं. मुक्काम, पाणी, विसावा सगळं घोड्यांच्या पायांच्या हिशेबाने ठरलेलं, आणि प्रत्येक मुक्कामाला सेवेला माणसं. मी एका दिवसात जाऊन-येऊन त्यांचे चार मुक्काम ओलांडते. त्या वेगात जनावराला ओढायचं नाही, ते जनावराच्या वेगात राहील अशी माणसं मागे उभी करायची, एवढं या वाटेने मला शिकवलं.

2019 च्या ऑगस्टमध्ये त्याची परीक्षा झाली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं; धोक्याची पातळी 45 फुटांची. रस्ते बंद, गाड्या बंद, आणि मी मिरजेला एका मैत्रिणीच्या घरी अडकले. फोन लागेल तेव्हा घरी बोलायचं. ठाणाच्या भिंतीवर कागद लावलेला होता: किती पेंढ्या, किती वेळाने, पोट दुखतंय हे कशावरून ओळखायचं, डॉक्टरांचा नंबर. सासूबाईंना वाचायला वेळ लागतो, म्हणून पोराने प्रत्येक ओळीपुढे चित्र काढलं होतं. हरणीला त्या दिवसांत माझी कमतरता जाणवली असेल, पण चारा चुकला नाही. तेव्हापासून मी एक नियम केला आहे. तिला पकडणं, मोहरकी चढवणं, चारही पाय उचलून बघणं हे किमान तीन माणसांना आलं पाहिजे. घोडी फक्त माझंच ऐकते असं अभिमानाने सांगणारे मालक मला भेटतात. मालक दिवसभर गावात असेल तर ठीक, नाहीतर तो अभिमान घोडीला महागात पडतो.

नालबंद मिळणं अवघडच. वरातीच्या घोड्यांमागे फिरणारे कारागीर लग्नसराईत हाती लागत नाहीत, आणि खूर सहा-आठ आठवड्यांनी तासावेच लागतात, म्हणून तारखा आधीच ठरवून ठेवते. शर्यतवाले अधूनमधून विचारायला येतात. आमच्या भागात घोडा आणि बैल एका गाड्याला जुंपतात. दोघांची चाल वेगळी, खांदा वेगळा, जू कुणाच्या तरी अंगावर चुकीचं बसणारच. मी नाही म्हणते.

संध्याकाळी उतरल्यावर आधी चालणं. गळिताच्या हंगामात मुख्य रस्त्यावर जात नाही, कारण दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर अंधारात मागच्या दिव्याशिवाय धावत असतात. कृष्णा कालव्याचा भराव बरा. पायाखाली माती, एका बाजूला पाणी, समोर मच्छिंद्रगड. ऑफिसचे कपडे बदलून मी तिच्या बाजूने चालते, शेवटच्या टप्प्यावर बसते. यंदा शेजारच्या मुलाची दहावी आहे. माघानंतर तो दुपारी मिळणार नाही. कालव्याच्या कडेला ज्यांची वस्ती आहे त्या वहिनींना विचारलं, त्या तयार आहेत, फक्त मागच्या पायांची त्यांना भीती वाटते. येत्या रविवारपासून त्यांना पुढच्या पायांनी सुरुवात करून देणार आहे.