दाढ काढलीत? मग आज गुळणे नकोत

खालची दाढ काढून मी मालवणातल्या दवाखान्यातून बाहेर पडलो, तेव्हा तोंडात गॉजचा बोळा दाबलेला होता आणि बोलायची सोय नव्हती. सल्ला देणाऱ्यांना याहून चांगला श्रोता मिळत नाही. रिक्षावाल्यानं गालाकडे बघूनच विचारलं, "वरची काय खालची? वरची असली तर डोळे सांबाळ हां." मासळी बाजाराजवळ भेटलेल्या ओळखीच्या काकी म्हणाल्या, "वायच मशेरी दाब, ठणको थांबतलो." घरी पोचलो तर आते मिठाच्या कोमट पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभी. "पयलो तो बोळो थुक. खळखळून गुळणे कर. नासका रगात सगळा भायर पडाक व्हया!"

हे "नासकं रक्त" मी लहानपणापासून ऐकत आलोय. दात काढला की खड्ड्यातून येतं ते वाईट रक्त, ते थुंकून टाकायचं, वर मिठाच्या पाण्यानं खड्डा धुऊन काढायचा. शिकलेली माणसं हे सांगतात, मुंबईहून शिमग्याला आलेले पाहुणे सांगतात. डॉक्टरांनी हातात दिलेल्या कागदावर पहिली ओळ "आज चूळ भरू नये" अशी असते. तो कागद कुणी वाचत नाही, कारण आतेचं तोंडपाठ असतं.

म्हणून आधी हे रक्त कुठलं ते पाहू. दात निघाला की हाडात खड्डा राहतो आणि त्याच्या भिंतींतल्या बारीक रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्यांतून येतं ते हातापायांतून, हृदयातून फिरतं तेच रक्त. किडलेल्या दाढेसाठी शरीरानं वेगळं रक्त साठवून ठेवलेलं नसतं. दाढेखाली पू झालेला असेल तर तो पू असतो, आणि त्याचं काय करायचं ते डॉक्टर दात काढतानाच बघतात.

हे रक्त खड्ड्यात साकळतं आणि त्याची गडद लाल, मऊ गाठ बनते. खालच्या उघड्या हाडावरची मलमपट्टी म्हणजे हीच गाठ. आपल्याकडे खाडीच्या कडेला खारबंधारा असतो. मातीचाच, दिसायला काही विशेष नाही, पण तो फुटला की भरतीचं पाणी भातशेतीत शिरतं. तोंडात सतत लाळ आहे, अन्नाचे कण आहेत, जंतू आहेत. या भरतीला अडवणारा बंधारा म्हणजे ती गाठ. तो बांधून होतोय तोवर आपण तांब्याभर पाणी घेऊन खळखळून तोच फोडायला बसतो!

गाठ निघाली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं. याला दंतवैद्य "ड्राय सॉकेट" म्हणतात. हे नाव १८९६ सालापासून चालत आलं आहे. खूण सोपी: पहिल्या दिवसाचं दुखणं कमी व्हायला लागलेलं असतं आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी एकदम उसळतं, कानापर्यंत जातं, तोंडाला दुर्गंधी येते, साध्या गोळीला दाद देत नाही. साधे दात काढल्यावर शंभरात दोन ते पाच जणांना हे होतं. अडकलेली खालची अक्कलदाढ काढल्यावर काही अभ्यासांत हे प्रमाण तीसपर्यंत गेलेलं आहे. प्रत्येक वेळी चुळाच कारण असतात असं मुळीच नाही. जंतू, सूज, कठीण शस्त्रक्रिया, तंबाखू यांनीही गाठ विरघळते. पण अक्कलदाढेचा आकार आपल्या हातात नसतो, तांब्या असतो.

आता आतेची बाजूही मांडायला हवी. मीठ चुकीचं नाही, वेळ चुकीची आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या सूचनांत पहिले २४ तास चूळ भरू नका असं सांगितलेलं आहे, आणि त्यानंतर कोमट मिठाचं पाणीच सुचवलेलं आहे. २०१४ साली नायजेरियातल्या दंतशल्यविशारदांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. दात काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या चुळा भरणाऱ्यांना न भरणाऱ्यांपेक्षा त्रास कमी झाला. गंमत अशी, की दिवसातून दोनदा भरणारे आणि सहादा भरणारे यांच्यात फरक दिसला नाही. तेव्हा दर तासाला मोरीवर जाऊन उभं राहायची गरज नाही. पेलाभर कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ. तोंडात घ्यायचं, मान हळूच इकडे-तिकडे कलती करायची आणि पाणी आपोआप गळू द्यायचं. खळखळ नको, पिचकारी नको.

थुंकण्याचंही तसंच. थुंकताना गाल आत ओढले जातात आणि गाठ चोखली जाते. पहिला दिवसभर लाळ गुलाबी दिसते. थेंबभर रक्त तोंडभर लाळेत मिसळलं की वाटीभर वाटतं. ती लाळ गिळली तर बिघडत नाही. बोळा मात्र सांगितला तितका वेळ, सहसा अर्धा ते पाऊण तास, घट्ट चावून धरायचा. "बघूया थांबलं का" म्हणून दर पाच मिनिटांनी काढायचा नाही. पुन्हा रक्त आलं तर स्वच्छ गॉज किंवा ओला स्वच्छ रुमाल घडी करून वीस-तीस मिनिटं दाबायचा. तरीही धार थांबत नसेल तर डॉक्टरांना फोन.

"आमच्या आयुर्वेदात वाईट रक्त काढतात," हे उत्तर यावर ठरलेलं असतं. काढतात, बरोबर आहे. जळवा लावून रक्तमोक्षण करण्याचं सविस्तर वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. पण त्याच सूत्रस्थानात, जळवांच्या पुढच्याच अध्यायात, वाहतं रक्त थांबवण्याचे चार उपाय दिलेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. यातलं स्कंदन म्हणजे रक्त गोठवणं. सुश्रुताचं नाव घ्यायचं तर दोन्ही अध्याय वाचून घ्यावं.

मशेरीला एका ओळीत सोडता येत नाही, कारण ती घराघरांत आहे. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूर न होणारा तंबाखू वापरताना आढळले. "मी कुठं तंबाखू खातंय, दात घासतंय," असं म्हणणाऱ्या बायाही यातच येतात. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणजे जखमेला रक्त हवं तेव्हाच ते तोडतं. वर भाजक्या भुकटीचे कण खड्ड्यात बसतात ते वेगळंच. ठणका थोडा वेळ बधिर होतो हे खरं, पण बधिर होणं आणि भरून येणं या दोन गोष्टी आहेत. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ सालीच बंदी घातली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. मशेरी, विडी, सिगारेट सगळंच किमान तीन दिवस बंद. कायमचं बंद झालं तर दवाखान्याची फी वसूल झाली म्हणायची.

बाकीचे समज एकेका ओळीत.

वरची दाढ काढली की नजर जाते: दाताची संवेदना पाचव्या मज्जातंतूकडून जाते, दृष्टी दुसऱ्याकडून; चष्म्याचा नंबर वयानं वाढतो आणि दाढही त्याच वयात निघते.

भात-मासे खाल्ले की पू धरतो: पू जंतूंनी होतो, आणि जखम भरायला प्रथिनं लागतातच. कोमट पेज, मऊ भात, काटे काढलेला मासा चालेल. कढत, तिखट आणि कुर्ल्या फोडणं दोन-चार दिवस थांबू दे.

शहाळ्याचं पाणी थंड, म्हणून चांगलं: पाणी चांगलंच, नळी वाईट. पेल्यात ओतून प्या.

लवंगेचं तेल खड्ड्यात सोडावं: दंतवैद्य त्यातलाच घटक मोजून-मापून औषधी पट्टीत वापरतात, घरचं निव्वळ तेल हिरडी भाजतं. हिरडीवर ठेवलेली ॲस्पिरिनची गोळीही भाजते.

दात साफ करून घेतले की हलायला लागतात: ते आधीच हलत होते, दगडासारख्या साठलेल्या थरानं धरून ठेवले होते.

दुखायचं थांबलं म्हणजे रूट कॅनाल झालं: तात्पुरतं सिमेंट बसवून घेतल्यावर अर्ध्यात सोडलेला दात पुढे फुटतो किंवा पुन्हा सडतो. दाढेवर टोपीही बहुतेकदा लागतेच.

जखम आहे तोवर ब्रश नको: खड्डा सोडून बाकी सगळे दात रोज घासायचे.

आणि एक समज, जो ओळीत बसत नाही कारण त्यानं जीव जाऊ शकतो. दात काढायचा म्हणून हृदयविकाराची रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं चार दिवस बंद करणारे लोक माझ्या ओळखीत आहेत. खड्ड्यातलं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं. हृदयात किंवा मेंदूत झालेली गुठळी तशी थांबवता येत नाही. दंतवैद्याला गोळ्यांची पाकिटं दाखवा, काय करायचं ते त्यांना आणि हृदयाच्या डॉक्टरांना ठरवू दे.

चौथ्या दिवशी दुखणं वाढलं, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर घरगुती काहीही न करता परत दवाखाना गाठायचा. एरवी हिरडी तीन-चार आठवड्यांत वरून बंद होते. आतलं हाड भरायला काही महिने लागतात.

मी त्या दिवशी आतेचा तांब्या ओट्यावर झाकून ठेवला आणि तिची बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर नवं कोमट पाणी केलं, मीठ घातलं, सावकाश दोनदा चूळ भरली. आठवड्यानं गाल पूर्ववत झाला. आतेनं हनुवटी धरून तोंडात डोकावून पाहिलं आणि समाधानानं म्हणाली, "बगलंस? शेवटाक मिठाच्याच पाण्यान बरा झाला."