शस्त्रक्रियागृहातील अग्निप्रतिबंध

शस्त्रक्रिया व शुद्धिहरण (भूल देणे) चालू असताना रुग्णाच्या अंगावर अगर श्वसनमार्गात आग लागू नये म्हणून योजावयाच्या उपायांस ही संज्ञा लावतात. अशा आगी विरळा लागतात. परंतु त्यांचा बळी ठरतो तो हालचाल करण्यास असमर्थ असलेला रुग्ण.

ईथराचा वापर १८४६ पासून रूढ झाला. ईथर व पुढे प्रचारात आलेले सायक्लोप्रोपेन ही दोन्ही अतिशय ज्वालाग्राही. ईथराचे बाष्प हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते व स्थिर विद्युतेच्या ठिणगीनेही पेटते. म्हणून विद्युत्संवाहक फरशी, खास रबरी पादत्राणे व दमट हवा यांची योजना करीत. १९५६ मध्ये अज्वालाग्राही हॅलोथेन वापरात आल्यावर स्फोटांची भीती हळूहळू ओसरली. तथापि धोका नाहीसा झाला नाही, त्याचे रूप तेवढे पालटले.

आगीस इंधन, ऑक्सिडीकारक व ठिणगी ही तिन्ही एकत्र यावी लागतात. आच्छादनवस्त्रे, केस, अल्कोहॉलयुक्त जंतुनाशके व श्वासनळीतील प्लॅस्टिकची नळी हे इंधन होय. ठिणगी मिळते ती मुख्यतः विद्युत् दाहक उपकरण (डायाथर्मी) व लेसर यांपासून. हवेत ऑक्सिजन सु. २१ टक्के असतो; त्याचे प्रमाण वाढले की, एरवी धुमसणारे कापडही भडकते. नायट्रस ऑक्साइडही ज्वलनास मदत करतो. डोके, चेहरा व मान यांवरील शस्त्रक्रियांत रुग्णास पूर्ण बेशुद्ध न करता मुखवट्यातून ऑक्सिजन दिल्यास तो आच्छादनाखाली साचतो. अनेक आगींचे मूळ येथेच असते.

यास्तव अशा वेळी ऑक्सिजनाचे प्रमाण शक्यतो ३० टक्क्यांखाली ठेवतात. अधिक लागल्यास नळीतूनच देतात. दाहक उपकरण वापरण्यापूर्वी शल्यविशारदाने शुद्धिहरणतज्ञास सूचना द्यावयाची असते. ऑक्सिजन कमी करून काही मिनिटे थांबणे इष्ट. ही गोष्ट घाईत सहज राहून जाते. अल्कोहॉलयुक्त द्रव लावल्यावर निदान तीन मिनिटे वाळू देतात. केसांत तो अधिक काळ ओला राहतो. स्वरयंत्रावरील लेसर शस्त्रक्रियेत लेसररोधी नळी वापरून तिचा फुगा रंगीत लवण-विद्रावाने भरतात. फुगा फुटताच रंग दिसतो.

श्वासनळीत आग लागल्यास नळी तत्काळ काढून वायुप्रवाह बंद करतात व लवण-विद्राव ओततात. आग विझल्यावर कृत्रिम श्वसन पुन्हा सुरू करतात. आच्छादन पेटल्यास ते ओढून दूर करणेच श्रेयस्कर, कारण आधुनिक जलरोधी आच्छादनांवरून पाणी ओघळून जाते व खालची आग तशीच राहते.