आक्रमणाचे बीज बचावात

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या टापूत बॅडमिंटनची परंपरा चांगलीच मुरलेली आहे. ठाणे महानगरपालिकेच्या सय्यद मोदी प्रशिक्षण योजनेत श्रीकांत वाड यांच्या देखरेखीखाली कित्येक खेळाडू घडले. त्यामुळे 1965 साली अमेरिकेत जन्मलेला आणि तो कॅनडात पाहून आलेल्या सुनील वालावलकर यांनी मुंबईत रुजवलेला पिकलबॉल जेव्हा इकडच्या गृहसंकुलांत पोहोचला, तेव्हा पॅडल हाती घेणाऱ्यांत बॅडमिंटनवर हात बसलेले लोक पुष्कळ होते. दोन्ही खेळांचे मैदान 44 फूट लांब व 20 फूट रुंद. फसगत होते ती या साम्यामुळेच. जाळी येथे मध्यभागी अवघी 34 इंच उंच, आणि तिच्या दोन्ही अंगांस सात-सात फुटांची ‘किचन’ नावाची हद्द, जीत उभे राहून चेंडू टप्प्याआधी मारण्यास सक्त मनाई असते. जाळीशी धावून जाऊन शटल ठेचण्याची जन्माची सवय या हद्दीत दोषास पात्र ठरते.

म्हणून प्रगत सरावाचा आरंभ बचावाने, त्यातही ‘रिसेट’ने, म्हणजे जोरकस चेंडूचा वेग मारून तो अलगद उतरवण्याने, करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाने किचनच्या रेषेशी उभे राहून चेंडू जोराने साथीदाराच्या पायांशी मारत राहावे. साथीदाराने रेषा आणि मागची सीमा यांमधल्या पंधरा फुटांच्या बिकट मुलखात गुडघे वाकवून, पॅडल मागे न खेचता शरीरापुढे धरून, पकड इतकी सैल ठेवावी की आलेला वेग हातातच जिरून चेंडू जाळीवरून जेमतेम उतरावा आणि समोरच्या किचनमध्येच टप्पा घ्यावा. सलग दहा चेंडू असे उतरले की एक पाऊल पुढे सरकावे; एक जरी उंच राहिला तरी पुन्हा मूळ जागी यावे. हा सराव कंटाळवाणा खरा, पण सामना हातचा जातो तो बहुधा याच पट्ट्यात.

त्यानंतर तिरपे ‘डिंक’, म्हणजे किचनच्या रेषेशी उभे राहून समोरच्या किचनमध्ये अलगद टाकायचे फटके, घ्यावेत, कारण तिरप्या मार्गात अंतर अधिक मिळते आणि चेंडू जाळीच्या सखल मध्याजवळून जातो. डिंक चालू असतानाच आक्रमणास मुभा द्यावी, मात्र एका अटीवर: चेंडू जाळीच्या उंचीवर भेटला तरच. त्याखालचा चेंडू मारू गेल्यास तो वरच जातो, आणि रेषेवर उभ्या प्रतिस्पर्ध्यास, जो जेमतेम चौदा फुटांवर असतो, आयती संधी मिळते. नेम धरावा तो त्याच्या पॅडलच्या बाजूच्या खांद्यावर किंवा कमरेवर. तेथे कोपर अडते आणि हात मोकळा फिरत नाही. फटका मारताच पॅडल पुन्हा छातीसमोर आणावे, कारण परतीचा चेंडू निमिषार्धात येतो.

दिवसभराचे काम व लोकलचा प्रवास आटोपून ज्यांना मैदानावर जेमतेम एक तास लाभतो, त्यांनी निदान महिनाभर त्यातला अर्धा तास रिसेटला द्यावा आणि मगच गुणांचा खेळ मांडावा, एवढी त्यांना आग्रहाची विनंती आहे.