मूळ तबकडीचा मान

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या जुन्या वर्कशॉपमध्ये शिरलं, की लेथवर ‘एचएमटी’ ही तीन अक्षरं आजही दिसू शकतात. आधीच्या पिढीच्या मनगटावरही हीच अक्षरं असत. १९५३ मध्ये बेंगळुरूला सुरू झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सने आधी यंत्रं बनवणारी यंत्रं घडवली आणि १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळं बनवायला घेतली. जुन्या घड्याळांचा संग्रह म्हटलं की महागडी स्विस नावं आठवतात, पण आपल्याकडच्या संग्राहकाने सुरुवात या कामगार-घड्याळांपासून करावी.

स्विस घड्याळांशी आपला संबंध अर्थात जुना आहे. फाव्र-ल्युबा कंपनीचा भारतातला व्यापार १८६५ पासूनचा, आणि मुंबई हे त्याचं मोठं ठाणं. आपल्या लोकांनी तिचं ‘फेवर ल्युबा’ करून टाकलं. तिचं ‘सी-चीफ’ आजही कित्येक घरांच्या कपाटांतून निघतं. वेस्ट एंड वॉच कंपनीचं ‘सोवार’ सैनिकांत लोकप्रिय होतं. भारतात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, म्हणून १९३१ मध्ये केस उलटी फिरवता येणारं ‘रिव्हर्सो’ जन्माला आलं, असं सांगतात. काच झाकायची म्हणजे केसच फिरवायची! गरजेतून आकार कसा घडतो, याचा हा उत्तम धडा आहे.

तोच धडा एचएमटीच्या ‘जनता’मध्ये वेगळ्या रीतीने दिसतो. हे घड्याळ हातात घेऊन नीट पाहावं. तबकडी साधी, तास दाखवणाऱ्या बारीक पट्ट्या, सडपातळ काटे, ‘१७ ज्वेल्स’ आणि ‘पॅराशॉक’ हे इंग्रजी शब्द, वर किंचित फुगीर प्लास्टिकची काच. काही तबकड्यांवर आकडे चक्क देवनागरीत आहेत. दिवसातून एकदा चावी दिली, की काम भागतं. सतरा ज्वेल्स म्हणजे कृत्रिम माणकांची बेअरिंग्ज. पोलादी आसांची टोकं त्यांत फिरतात, म्हणून घर्षण कमी आणि झीजही कमी. पॅराशॉक म्हणजे घड्याळ आपटलं तर बॅलन्स व्हीलची नाजूक टोकं सांभाळणारी स्प्रिंग. बॅलन्स सेकंदाला पाच ठोके देतो, तासाला अठरा हजार. शतांश मिलिमीटरवर भांडणाऱ्या अंबडच्या टर्नरला या कामाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

एचएमटीच्याच ‘पायलट’ची ओळख म्हणजे काळी तबकडी आणि ठळक पांढरे आकडे, अंधुक उजेडातही वेळ लागलीच कळावी असे. ‘कांचन’ आपोआप चावी भरणारं, वार-तारीख दाखवणारं. त्याची कोनदार केस लग्नाच्या अहेरात शोभायची, म्हणून ते मिळवण्यासाठी लोक खटपट करत.

हा काळ संपायला क्वार्ट्झ कारणीभूत ठरलं. सेकोचं ‘ॲस्ट्रॉन’ २५ डिसेंबर १९६९ ला जपानमध्ये विक्रीला आलं. भारतात टायटन १९८४ मध्ये स्थापन झाली आणि १९८७ मध्ये बाजारात उतरली. बॅटरीवर चालणारं, अचूक आणि देखणं घड्याळ हाताशी आल्यावर चावीची घड्याळं मागे पडली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, आणि नंतर जुन्या नमुन्यांची मागणी वाढली.

मागणी वाढली, तसा एक प्रश्नही उभा राहिला. जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, ती आपल्याच बाजारातली रंगवलेली घड्याळं. आपल्या दमट हवेत आणि घामात तबकडीला डाग पडतात. घड्याळजी ती घासून, नव्याने रंगवून, छापून देत. गिऱ्हाईकाला नवं दिसणारं घड्याळ हवं असे, म्हणून त्यात लबाडी मुळीच नव्हती. पण आज तीच वस्तू मूळ म्हणून विकली जाते, तेव्हा इतिहास पुसला जातो.

ओळखायचं कसं? भिंगातून अक्षरांच्या कडा पाहाव्यात. कारखान्याचं छापकाम रेखीव असतं, दुकानातलं जाड आणि पसरट. मिनिटांच्या रेघा तासांच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. स्विस घड्याळांत सहाच्या आकड्याखालचा ‘स्विस मेड’ वाकडा किंवा गायब असतो. कंपनीने कधी काढलेच नाहीत असे झगझगीत नारिंगी-हिरवे रंग दिसतात. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत नाही, म्हणजे तो दुसऱ्याच घड्याळाचा. केस पॉलिश करून पट्ट्याजवळचे कोपरे गोल झाले असतील, तर मूळ आकार गेलाच समजा.

सांभाळायचे नियमही साधे आहेत. जुनं तेल सुकलं की आस झिजतात, म्हणून चालत असलं तरी घड्याळ वेळच्या वेळी जाणत्या घड्याळजीकडे द्यावं. पाण्यात घालू नये. जुन्या, अंधारात चमकणाऱ्या तबकडीत रेडियम असू शकतं, तेव्हा असं घड्याळ घरी उघडू नये. काचेवरचे ओरखडे पॉलिशने जातात, पण तबकडीवरचा पिवळेपणा तसाच राहू द्यावा.

अशी घड्याळं नाशिक-सिडकोतल्या घराघरांत ड्रॉवरमध्ये पडून असतील. कोणी पहिल्या पगारातून घेतलेलं, कोणाला सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. ते रंगवायला देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहून ठेवा: कोणी घेतलं, कधी, कशासाठी. मूळ तबकडी आणि ही चार ओळींची नोंद एकत्र राहिली, तर इथल्या कारखान्यांत राबलेल्या माणसांचा इतिहास त्यांच्याच वस्तूंतून लिहिता येईल. दिवाळीच्या आवराआवरीत तो ड्रॉवर उघडाल, तेव्हा एवढं काम नक्की करा.