शीवेपलीकडची साष्टी

'शीव' म्हणजे हद्द. मुंबईच्या उत्तर टोकावरील गावाला हे नाव याच अर्थाने पडले आणि इंग्रजांच्या तोंडी त्याचे 'सायन' झाले. तेथील टेकडीवर इंग्रजांनी सतराव्या शतकात किल्ला बांधला, तो खाडीपलीकडच्या शेजाऱ्यावर नजर ठेवण्यासाठी. आज हार्बर मार्गावर असलेल्या चेंबूर-गोवंडीचा मुलूख त्या काळी या हद्दीपलीकडे, पोर्तुगीज अमलाखाली होता.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ मध्ये वसई व तिच्या अखत्यारीतील प्रदेश पोर्तुगिजांना दिला. साष्टीतील गावे त्यांनी आपल्या सरदारांना व धर्मसंघांना 'फोरो' नावाच्या वार्षिक साऱ्यावर वाटून टाकली. मुंबईच्या फोरास रोडच्या नावात तो शब्द अजून टिकून आहे. मालक बदलले, जमीन कसणारे मात्र तेच राहिले.

वसईची मोहीम चिमाजी आप्पांच्या नावाने ओळखली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिची पहिली हालचाल स्थानिकांची होती. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे आणि अंजूरचे गंगाजी नाईक यांनी पोर्तुगिजांच्या धार्मिक जाचाची गाऱ्हाणी पेशव्यांपर्यंत नेली आणि मोहिमेचा पाठपुरावा केला. १७३७ च्या वसंतात मराठे प्रथम ठाण्यावर चालून गेले. साष्टी आणि मुख्य भूमी यांमधील खाडीचा ताबा ठाण्याकडे होता आणि तेथील किल्ल्याचे बांधकाम अपुरे होते. पोर्तुगीज अधिकारी लुईस बोतेल्यो करंजाकडे निघून गेला आणि जवळपास सारी साष्टी हातची गेली. वसईसाठी मात्र आणखी दोन वर्षे झुंजावे लागले. सुरुंगांनी तट उडवल्यावर मे १७३९ मध्ये किल्ला शरण आला.

इंग्रजांचे वर्तन या काळात व्यापाऱ्याला साजेसेच होते. वेढ्यात सापडलेल्या वसईला त्यांनी पंधरा हजार रुपये कर्जाऊ दिले, तेही चर्चमधील चांदीची भांडी आणि पितळी तोफा तारण ठेवून! वसई पडताच मात्र मुंबईत घबराट झाली. शहराच्या कोटाभोवती खंदक खणण्यासाठी व्यापाऱ्यांनी तीस हजारांची वर्गणी दिली आणि कॅप्टन इंचबर्ड तहासाठी चिमाजी आप्पांकडे धावला.

आयर्लंडमध्ये १६०७ साली ह्यू ओनील आदी उमराव देश सोडून गेले, तेव्हा अल्स्टरमधील त्यांच्या जमिनी ब्रिटनमधून आणलेल्या वसाहतकऱ्यांना देण्यात आल्या. तेथे सरदारांबरोबर अनेक कुळांचाही आधार गेला. साष्टीत पोर्तुगीज जमीनदार गेले, तरी येथील ख्रिस्ती कुटुंबे आपल्या गावांतच राहिली. शरणागतीच्या अटींत त्यांना धर्म पाळण्याची मुभा होती.

मराठ्यांचा अंमल सुमारे सदतीस वर्षे टिकला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे जिंकले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. हद्दीचे कारण उरले नाही. १८०५ मध्ये शीवचा बांध पुरा झाला आणि साष्टीतून मुंबईत पायी येणे शक्य झाले.