रॅकेट हलकी झाली, खेळ नाही

दिवाळी आटोपली, हवेत गारवा आला, की गावोगावच्या शाळांच्या पटांगणात संध्याकाळी एक नवीच वर्दळ सुरू होते. दोन बांबूंना जाळी ताणली जाते, चुन्याने रेघा आखल्या जातात, वायर ओढून एखादा दिवा टांगला जातो. हिंगोली शहर असो, सेनगाव असो, की कयाधूच्या काठावरचे नरसी नामदेव. थंडीचे दिवस म्हणजे बॅडमिंटनचे दिवस. खेळणाऱ्यांत शाळकरी मुले असतातच, पण शिक्षक, दुकानदार, बँकेतले कर्मचारी असे चाळिशी-पन्नाशीतले गृहस्थही असतात. त्यांच्या हातातली रॅकेट गेल्या काही वर्षांत बदलली आहे. बाजारातली लोखंडी दांड्याची जोडी मागे पडून तिच्या जागी कार्बन फायबरची, बोटांवर तोलता येईल अशी हलकी रॅकेट आली आहे.

ही रॅकेट घेतल्यावर दोन गोष्टी सर्रास ऐकू येतात. ‘आता हाताला त्रास होणार नाही’ ही पहिली आणि ‘आता कितीही वेळ खेळता येते’ ही दुसरी. पहिली अर्धीच खरी आहे. दुसरी मात्र धोक्याची आहे.

हलकी म्हणजे किती हलकी?

बॅडमिंटनच्या नियमांत रॅकेटची लांबी ६८० मिलिमीटरपेक्षा आणि रुंदी २३० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, असे म्हटले आहे. वजनाचे बंधन मात्र नाही. म्हणून कारखानदारांनी वजन कमी करत नेले. रॅकेटवर ‘३-यू’ लिहिलेले असेल, तर तिचे वजन साधारण ८५ ते ८९ ग्रॅम. ‘४-यू’ म्हणजे ८० ते ८४ आणि ‘५-यू’ म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅम. यूच्या आधीचा आकडा जितका मोठा, तितकी रॅकेट हलकी. ज्या शटलला ती मारायची, ते तर अवघ्या पाच ग्रॅमच्या आसपासचे.

आपल्या मराठी मुलखाचे आणि या खेळाचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि तेव्हा त्याला ‘पूना’ असेच नाव पडले होते. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर यांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच मानकऱ्यांत त्यांचे नाव होते. तो जमाना लाकडी चौकटीच्या, आजच्यापेक्षा बऱ्याच जड रॅकेटींचा होता. २०२३ मध्ये मुंबईच्या चिराग शेट्टीचा दुहेरीतील जोडीदार सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याने जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारून विश्वविक्रम नोंदवला. रॅकेट हलकी आणि ताठ झाल्याशिवाय असा वेग शक्य नव्हता. पण त्यामागे त्या खेळाडूची वर्षानुवर्षांची तयारीही आहे. रॅकेट विकत मिळते, तयारी मिळत नाही.

हाताला काय फायदा, काय तोटा?

रॅकेट हलकी असली, की ती चटकन फिरते. अंगावर आलेले शटल परतवणे, जाळीजवळ पटकन हात नेणे सोपे जाते. हात डोक्यावर वारंवार उचलावा लागत असल्याने खांद्यावरचा भारही थोडा कमी होतो. ज्यांचा खांदा आधीपासून कुरकुरतो, त्यांना हा फायदा जाणवतो.

मात्र मागच्या रेषेवरून शटल पलीकडच्या टोकाला पोहोचवायचे, तर जड रॅकेटचे वजन जे काम करत होते, ते आता हाताच्या वेगाने करावे लागते. सवय नसलेला माणूस हा वेग खांदा, कंबर आणि पायांतून आणत नाही, तर नुसत्या मनगटाला झटका देऊन आणतो. तो झटका शेकडो वेळा बसला, की कोपराच्या बाहेरच्या बाजूला, जिथे मनगट उचलणारे स्नायू हाडाला चिकटलेले असतात, तिथे दुखू लागते. हाच ‘टेनिस एल्बो’. टेनिसची रॅकेट कधी हातात न धरलेल्यांनाही तो होतो. बादली उचलताना, कपडे पिळताना, दाराची कडी फिरवताना कळ येते. त्यात शटल रॅकेटच्या मध्यभागी न लागता कडेला लागले, तर हलकी रॅकेट हातात जास्त थरथरते.

यावर उपाय सोपे आहेत. नवख्याने किंवा बऱ्याच वर्षांनी खेळणाऱ्याने ४-यू किंवा ५-यू वजनाची, डोक्याकडे जड नसलेली, लवचिक दांड्याची रॅकेट घ्यावी. गटिंग २० ते २३ पौंडांपर्यंतच ठेवावे. मोठ्या खेळाडूंचे पाहून २८ पौंड ताण मागितला, तर शटल नेमके मध्यभागी लागल्याशिवाय ते नीट जात नाही आणि हादरा कोपराला बसतो. मूठ फार बारीक असेल, तर ती आवळून धरावी लागते. म्हणून ग्रिपचा आणखी एक पदर गुंडाळावा. रॅकेट सैल धरावी आणि फक्त फटक्याच्या क्षणी मूठ आवळावी.

खरा भार पायांवर

एवढी काळजी घेऊनही रॅकेट फक्त हातापुरती हलकी झालेली असते. बॅडमिंटन हा खरे तर पायांचा खेळ आहे. शटल जमिनीवर टेकू द्यायचे नसते, त्यामुळे क्षणात पुढे झेप, क्षणात मागे, क्षणात उडी. तिथे आपले सत्तर-पंचाहत्तर किलोचे शरीर अचानक थांबवायचे आणि उलट्या दिशेने फेकायचे असते. रॅकेटमधले दहा ग्रॅम कमी झाल्याने या हिशेबात काहीच फरक पडत नाही. उलट हात थकत नाही, म्हणून माणूस आणखी दोन गेम खेळतो आणि थकलेले पाय दगा देतात.

आषाढीनंतरच्या परतवारीला नरसीत लाखोंची दाटी होते. त्यांतले कितीतरी वारकरी साठी ओलांडलेले असतात. मैलोन्‌मैल चालण्याने त्यांच्या पायांना काही होत नाही, कारण चालण्याचा भार एकसारखा असतो आणि शरीर त्याला सरावलेले असते. बॅडमिंटनचा भार झटक्यांचा आहे. रोज दहा तास खुर्चीत बसणाऱ्याच्या पोटऱ्यांना तो अनोळखी असतो.

त्यातली सर्वांत मोठी दुखापत म्हणजे अकिलिस टेंडन तुटणे. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी ही जाड कंडरा. डेन्मार्क, स्वीडनसारख्या देशांत, जिथे बॅडमिंटन घरोघरी खेळले जाते, तिथे ती तुटण्याच्या प्रमुख कारणांत हा खेळ मोजला जातो. बहुतेक रुग्ण तिशी ते पन्नाशीतले, अधूनमधून खेळणारे पुरुष असतात. वर्णन ठरलेले असते : ‘मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखे वाटले, कट असा आवाज आला, वळून पाहिले तर मागे कुणीच नव्हते.’

गोंधळ इथून पुढे होतो. पाऊल थोडेफार हलते, माणूस लंगडत चालूही शकतो. त्यामुळे ‘मुरगळला’ किंवा ‘शीर चढली’ असे समजून तेल लावून चोळले जाते आणि दोन-तीन आठवडे निघून जातात. घरी ओळखण्याची खूण अशी : त्या एका पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही आणि टाचेच्या वर बोटाला खळगा लागतो. अशा वेळी चोळू नका. पाय टेकवू नका आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. लवकर आल्यास चवडा खाली ठेवून घातलेल्या प्लास्टरने किंवा शस्त्रक्रियेने कंडरा चांगली जुळते. उशीर झाला, तर टोके दूर सरकतात आणि उपचार किचकट होतो. दोन्ही परिस्थितींत पुन्हा खेळायला सहा महिने ते वर्ष लागू शकते. ज्याचे पोट हातावर आहे, त्याच्यासाठी ही रजा नव्हे, संकट असते.

आणखी एक गोष्ट फारशी माहीत नसते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविकांनी कंडरा कमजोर होऊ शकतात, विशेषतः साठीनंतर किंवा सोबत स्टेरॉइड चालू असेल तर. जुलाब किंवा लघवीच्या जंतुसंसर्गासाठी ही औषधे सर्रास दिली जातात. ती चालू असताना आणि नंतरचे काही आठवडे उड्या-झेपांचा खेळ टाळावा. टाच दुखू लागली, तर डॉक्टरांना सांगावे.

हाताचे दुखणे की छातीचे?

खेळणारा माणूस हात दुखला, की दोष रॅकेटला देतो. बहुतेक वेळा ते बरोबर असते. पण उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात, जबडा किंवा छातीचा मध्य खेळताना भरून येत असेल आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत बरे वाटत असेल, तर ते स्नायूंचे दुखणे समजू नका. ते हृदयाचे असू शकते. खेळ तिथेच बंद करून त्याच दिवशी ईसीजी काढावा. दुखणे थांबतच नसेल, घाम फुटत असेल, श्वास लागत असेल, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करावा. चाळिशीनंतर, त्यातही मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचे व्यसन किंवा घरात हृदयविकार असेल, तर हंगाम सुरू करण्याआधी एकदा तपासणी करून घेणे शहाणपणाचे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी खेळू नये आणि खिशात साखर ठेवावी.

तरीही खेळाच

हे सारे वाचून रॅकेट माळ्यावर टाकू नका. २०१७ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडमधील ऐंशी हजारांवर लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. रॅकेटचे खेळ खेळणाऱ्यांत त्या काळातील मृत्यूचा धोका न खेळणाऱ्यांपेक्षा ४७ टक्क्यांनी कमी आढळला. कोपनहेगनमधील सुमारे पंचवीस वर्षांच्या पाहणीत बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे आयुर्मान व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा सरासरी ६.२ वर्षांनी जास्त दिसले. धावणाऱ्यांत हा फरक ३.२ वर्षांचा होता. खेळणारे मुळातच सुस्थितीतले असतील, हे या आकड्यांत धरायला हवे. पण दम लागणे आणि चार माणसांत हसणे-बोलणे एकाच तासात साधणारे व्यायाम फारसे नाहीत.

म्हणून घरातल्या बायकांनाही त्या पटांगणात जागा मिळायला हवी. रजोनिवृत्तीनंतर हाडे झपाट्याने विरळ होतात आणि पायांवर भार घेणारे खेळ ती टिकवायला मदत करतात.

पैसे खर्च करायचेच असतील, तर आधी बुटांवर करा. जाड टाचेचे धावण्याचे बूट आडव्या हालचालीत घोटा वळवतात. बॅडमिंटन-टेनिसचे, सपाट आणि पकड असलेल्या तळव्याचे बूट घ्या. चप्पल घालून किंवा अनवाणी सिमेंटवर खेळू नका. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, अर्धाच तास खेळा. सुरुवातीची दहा मिनिटे भरभर चालणे, जागेवर उड्या आणि हलके फटके यांत घालवा. घरी पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाचा वर करा आणि सावकाश खाली न्या. हे पंधरा वेळा, असे तीन फेरे, रोज. कोपरासाठी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या, हात टेबलावर टेकवा, तळवा खाली ठेवा, मनगट वर उचला आणि हळूहळू खाली सोडा. दुहेरीत खेळताना मागच्या जोडीदाराकडे वळून पाहू नका, शटल डोळ्यावर बसते. बसलेच, तर डोळा चोळू नका. अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

आणि शेवटचा गेम थकल्यावर खेळायचा नाही, हे चौघांनी आधीच ठरवून घ्या. दुखापती बहुधा ‘चला, अजून एक’ म्हटल्यानंतरच होतात.