वाट वाकडी करणारं पाणी

पावसाळ्यात कर्जतला सगळेच येतात. धबधबे, भजी आणि परतताना वाहतूक कोंडी. खरं नवल बघायचं असेल तर मार्च-एप्रिलच्या उन्हात या, आणि सवडीनं या. राज्य सरकारनं 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झोपायची आणि रांधायची सोय असलेली अशी गाडी हाताशी असली की संध्याकाळपर्यंत अमुक ठिकाणी पोचायलाच हवं, ही टोचणी राहत नाही. दिसेल त्या फाट्याला वळता येतं.

कर्जतहून घाटाच्या पायथ्याकडे असं वळलं की एक विचित्र दृश्य समोर येतं. एका अंगाला काळी पडलेली वावरं: पालापाचोळा, शेण, गवत पसरून राब भाजलेले, जूनच्या पेरणीची तयारी. दुसऱ्या अंगाला मात्र हिरवागार उन्हाळी भात. ही किमया राजनाल्याच्या कालव्याची. पावसाळा सरून सहा-सात महिने उलटलेत, डोंगरातले ओढे कोरडे पडलेत. मग एवढं पाणी आलं कुठून?

ते आलंय घाटमाथ्यावरून, आणि खरं तर ते इकडे यायचंच नव्हतं. सह्याद्रीचा माथा अरबी समुद्राला अगदी जवळ. पण माथ्याच्या पूर्वेला पडलेला थेंब समुद्राकडे पाठ फिरवतो. इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि हजाराहून जास्त किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरात, हा त्याचा नैसर्गिक मार्ग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाटांच्या अभियंत्यांनी हाच मार्ग फिरवला. लोणावळा, वळवण आणि शिरवता इथं पाणी अडवलं आणि कड्यावरून नळांवाटे खोपोलीला उतरवलं. खोपोलीचं वीजकेंद्र 1915 साली सुरू झालं. ही कल्पना ज्यांनी धरून ठेवली, ते जमशेदजी टाटा 1904 मध्येच गेले होते. पुढे 1922 मध्ये आंदर मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी याच रीतीनं भिवपुरीला उतरलं. आपला राजनाला वाहतो तो या भिवपुरीच्या पाण्यावर.

यातली खरी गंमत उंचीत आहे. पाणी साधारण 500 मीटर खाली येतं. कॅरॅव्हॅनच्या टाकीत मावेल त्याहून कितीतरी जास्त, म्हणजे 1000 लिटर पाणी एवढ्या उंचीवरून टर्बाइनवर सोडलं, तर सुमारे सव्वा युनिट वीज मिळते. छताचा एक पंखा रात्रभर फिरेल एवढी! खोपोलीत गाडी बाजूला लावून डोंगराकडे मान वर केली की उतारावरून सरळ खाली आलेले ते जाडजूड नळ दिसतात. मुंबईच्या कापड गिरण्या पूर्वी या विजेवर चालत.

वीज काढून घेतली तरी पाणी तेवढंच उरतं. खोपोलीचं पाणी पाताळगंगेला मिळतं आणि खालच्या कारखान्यांना, गावांना पुरतं. भिवपुरीचं पेज नदीतून उल्हासला मिळतं आणि बदलापूरच्या पुढच्या शहरांपर्यंत पोचतं. एकच पाणी आधी दिवे लावतं, मग भात पिकवतं, मग शहराची तहान भागवतं. पूर्वेच्या समुद्रासाठी निघालेला थेंब शेवटी पश्चिमेच्या समुद्रात जातो.

खोपोली-भिवपुरीची वीज नेणाऱ्या वाहिन्यांनी इतिहासही पाहिला आहे. 1942 च्या आंदोलनात माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आलं. आणखी मागं जायचं असेल तर खोपोली-पाली रस्त्यावरून चावणीकडे वळा. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या मुघल सरदार कारतलब खानाच्या फौजेला शिवाजी महाराजांनी 2 फेब्रुवारी 1661 रोजी तिथंच, उंबरखिंडीत कोंडून शरण आणलं. हा उतार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती खालचा मुलूख. सैन्याचं असो की पाण्याचं, गणित तेच.

पाणी वळवलं ते सगळ्यांच्याच भल्याचं झालं असं मात्र नाही. मुळशीला अशाच एका धरणात जमिनी जाणार म्हणून 1921 मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे होते. आपला हिरवा भात बघताना पलीकडच्या खोऱ्यातली बुडालेली वावरंही आठवावीत.

गाडी मुक्कामाला लावताना एक पथ्य पाळा. नदीकाठची सपाट वाळू कितीही मोहाची वाटली तरी पात्रात गाडी उतरवू नका. वीजकेंद्र चालू झालं की आभाळात ढग नसतानाही पाणी चढतं. पाणी कधी सुटतं हे गावात विचारा, शेताच्या मालकाची परवानगी घ्या आणि टाकीतलं सांडपाणी ओढ्यात सोडू नका. खाली कुणीतरी तेच पाणी पिणार आहे.